कोरोनात चिवडा खपला, मग चिवडेवाले का बुडाले?

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे: "काका, कोरोनाच्या काळात पॅकबंद स्नॅक्सचा खप वाढला असं जिथेतिथे वाचायला मिळतं. मग आमच्या सिन्नरच्या पेठेतले फरसाणवाले त्याच काळात कायमचे बंद का झाले? आणि हे आपल्याकडेच झालं की आपल्यासारख्या बाकीच्या देशांतही?" एम. कॉम.च्या प्रकल्पासाठी विचारलंयस, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी या धंद्यात सव्वीस वर्षं आहे. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत माझी भट्टी आहे. शेव, पापडी, पोह्यांचा आणि मक्याचा चिवडा असा माल निघतो आणि सिन्नर, येवला, मनमाड, मालेगाव या लाइनवर जातो. तुझ्या वडिलांच्या दुकानातही बारा वर्षं माझाच माल लागतो. त्यामुळे पुढचं बरंचसं माझ्या वहीतलं आहे.

आधी सरळ उत्तर. खप वाढला हे खरं आणि फरसाणवाले बुडाले हेही खरं. माणसं चिवडा खायची थांबली नव्हती. आधी रस्त्यावर खायची, ती घरात बसून खायला लागली. ज्यांचं पोट रस्त्यावरच्या गिऱ्हाइकावर होतं ते गेले, घराजवळच्या किराणा दुकानापर्यंत पुडी पोचवू शकणारे तरले. पण एवढं सांगून सगळं उलगडत नाही. माझ्या मते आमच्यातल्या बहुतेकांना खपाने मारलं नाही, उधारीने मारलं. आणि ती उधारी कुठल्याच अहवालात दिसत नाही.

नाशिकचा फरसाणाचा बाजार 2020 च्या आधी कसा होता ते बघ. आमच्याकडून सगळ्यात जास्त शेव कोण उचलायचं? मिसळवाले. रविवारी सकाळी शहरभर मिसळीच्या हॉटेलांबाहेर माणसं नंबर लावून उभी असतात, आणि प्रत्येक ताटात मूठभर शेव-फरसाण पडतं, वर मागितलं की पुन्हा पडतं. हा माल पाच-पाच, दहा-दहा किलोच्या पिशव्यांतून सुटा जायचा. त्यानंतर यात्रेकरू. रामकुंडावर, त्र्यंबकेश्वरला, वणीच्या गडावर आलेलं कुटुंब परतताना शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी चिवडा बांधून नेतं. मग शाळेजवळच्या टपऱ्या, जिथे पाच रुपयांच्या पुड्यांची माळ लटकलेली असते. मनमाड आणि नाशिकरोडचे फलाट, सीबीएसचा एसटी स्टँड. आणि अंबड-सातपूरच्या कारखान्यांत शिफ्ट सुटल्यावर चहाबरोबर पापडी खाणारा कामगार.

25 मार्च 2020 ला हे सगळं एका रात्रीत थांबलं. देवळं त्याच्या आधीच बंद झाली होती. ती दिवाळीच्या पाडव्याला, 16 नोव्हेंबरला उघडली, 2021 च्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाली आणि घटस्थापनेला, 7 ऑक्टोबरला परत उघडली. म्हणजे यात्रेकरूंचे दोन उन्हाळे गेले. शाळांचं तर त्याहून वाईट. लहान मुलांचे वर्ग पावणेदोन वर्षांच्या आसपास भरलेच नाहीत. शाळेजवळच्या टपरीला दुसरं गिऱ्हाईक नसतं. माझ्या लाइनवरच्या अशा टपऱ्यांपैकी निम्म्या तरी पुन्हा उघडल्या नाहीत, आणि त्यांच्याकडे राहिलेले पैसे मी मागायलाही गेलो नाही.

आता घराची बाजू. टाळेबंदीत किराणा दुकान चालू होतं. माणूस दोन-चार तासांच्या वेळेत जायचा आणि आठवड्याचं सामान आणायचा. घरात मुलं, घरूनच काम करणारी मोठी माणसं, दुपारी चारला सगळ्यांना काहीतरी तोंडात टाकायला हवं. पाच-दहा रुपयांच्या पुड्या पडून राहिल्या आणि अर्धा किलो, किलोची पाकिटं संपायला लागली. 2020 च्या एप्रिल-मेमध्ये पारले-जी इतका खपला की तीन-चार दशकांत अशी वाढ पाहिली नव्हती, असं कंपनीकडूनच सांगण्यात आलं. रस्त्याने चालत निघालेल्या मजुरांना वाटायलाही तोच बिस्किटपुडा होता. मुंबई-आग्रा हायवेवर विल्होळीजवळ उभं राहून आम्हीही तो वाटला आहे. नूडल्सचंही तसंच. जगभरात 2019 मध्ये सुमारे 106 अब्ज वाढपं (एका वेळचे पुडे) खपली होती, 2020 मध्ये ती 116 अब्जांवर गेली.

इथे तुझ्या प्रकल्पासाठी एक गोष्ट नीट लिहून घे. बाजार "वाढला" म्हणून जे आकडे येतात ते मुख्यतः पॅकबंद, ब्रँड असलेल्या मालाचे असतात. बरणीतून काढून कागदात बांधून दिलेली पाव किलो शेव कुठे मोजली जाते? कुठेच नाही. त्या काळात लोकांना सुट्या मालाची भीती वाटायला लागली. कोणाचा हात लागला असेल, बरणी कोणी उघडली असेल, हा विचार प्रत्येकाच्या मनात होता आणि त्यात चूक काही नव्हतं. जे घर महिन्याला दोन किलो सुटी शेव घ्यायचं ते आता दोन किलो पाकिटातली घ्यायला लागलं. पोटात गेली तेवढीच, पण आकड्यांत आधी शून्य होतं तिथे दोन किलो आले. या स्थलांतराला वाढ म्हटलं की माझ्यासारख्याचा जीव तुटतो, कारण त्या "वाढीत" आमच्या ओळखीच्या माणसांची दुकानं गाडली गेली आहेत. खरी वाढ थोडीफार होतीही, मी नाकारत नाही. पण ती किती आणि सुट्यातून पाकिटात गेलेली किती, हे वेगळं काढल्याशिवाय निष्कर्ष लिहू नकोस.

आता उधारी. आमच्या धंद्यात "बिल टू बिल" चालतं. या आठवड्यात माल टाकायचा आणि पैसे पुढच्या आठवड्यात, नवा माल उतरवताना घ्यायचे. मिसळवाल्यांचं खातं महिन्याचं, टपरीवाल्याचं जमेल तसं. यात कोणी कोणाला कागदावर काही लिहून देत नाही. मालाचा छोटा हत्ती टेम्पो दर मंगळवारी दारात येणार, हीच हमी. गाडी फिरत राहिली तर पैसा फिरतो. 24 मार्चला रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा माझे सहा लाख चाळीस हजार रुपये बाजारात होते. त्यातले साडेतीन लाख मिसळीच्या हॉटेलांकडे. गाडी थांबली आणि सगळी बिलं जिथल्या तिथे गोठली. कोणी बुडवले नव्हते. त्यांच्याकडे गल्लाच नव्हता तर देणार कुठून?

वरच्या बाजूला उलटं झालं. तेलाचा व्यापारी मला एरवी पंधरा दिवस थांबायचा, बेसनवाला महिनाभर. एप्रिलमध्ये दोघांनीही सांगितलं, आधी पैसे, मग माल. त्यांना मी दोष देत नाही, त्यांचेही वर अडकले होते. पण माझी अवस्था बघ. खालून येणं बंद, वर रोख द्यायचे, आणि भट्टी चालवायला परवानगी होती, कारण खाण्याचा माल जीवनावश्यक. गिऱ्हाईकही होतं. किराणावाले फोन करत होते, काही पाठवा म्हणून. माल बनवायला पैसा नव्हता. मागणी असताना धंदा कसा मरतो हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मोठ्या कंपनीचं असं होत नाही. ती वितरकाकडून पैसे आगाऊ घेते, मग गाडी सुटते. उधारी असलीच तर वितरकाच्या गळ्यात. त्यामुळे कंपनीचा स्वतःचा पैसा बाजारात अडकत नाही, डेपोत माल असतो, पाकिटांच्या फिल्मचे रोल भरलेले असतात. मे महिन्यात किराणा दुकानांच्या फळ्यांवर आमची जागा रिकामी झाली ती त्यांनी भरली. दुकानदाराने तरी काय करावं? ज्याची गाडी आली त्याचा माल घेतला. फळीवरची जागा एकदा गेली की परत मिळवायला स्कीम, म्हणजे दुकानदाराला जादा सूट, द्यावी लागते, आणि स्कीम द्यायलाही पैसा लागतो.

सरकारने काही केलं नाही असं मी म्हणणार नाही. 27 मार्चला रिझर्व्ह बँकेने हप्त्यांना तीन महिन्यांची सवलत दिली, ती पुढे ऑगस्टअखेरपर्यंत वाढली. मे महिन्यात सरकारी हमीची तातडीची कर्जयोजना आली, पण ती आधीपासून कर्ज असलेल्याला, त्याच्या बाकी असलेल्या कर्जाच्या 20 टक्क्यांपर्यंत. 1 जूनला पीएम स्वनिधी आली, फेरीवाल्यांना 10 हजार रुपयांपर्यंतचं कर्ज. आता या दोहोंच्या मधला माणूस बघ. दोन कढया, तीन कारागीर, पुढे छोटं दुकान, बँकेत फक्त बचत खातं. कर्ज नव्हतं म्हणून पहिल्या योजनेत नाही, गाडीवर धंदा नव्हता म्हणून दुसरीत नाही. तुझ्या पेठेतले फरसाणवाले नेमके इथे सापडले. 29 जूनला सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना आली, 35 टक्के अनुदान, जास्तीत जास्त 10 लाख. योजना चांगली होती, पुढे माझ्या ओळखीच्या दोघांनी तिच्यातून यंत्रं घेतली. पण ज्याची भट्टी आज विझतेय त्याला यंत्र नको होतं, अडकलेल्या दोन लाखांच्या जागी दोन लाख हवे होते.

कारागिरांबद्दल थोडं. आमच्याकडे शेव पाडणारे, घाणा काढणारे कारागीर बरेचसे राजस्थान आणि उत्तर प्रदेशातले. 1 मे 2020 ला नाशिकरोडहून भोपाळला श्रमिक गाडी सुटली. राज्यातून सुटलेल्या अगदी पहिल्या गाड्यांपैकी ती होती, पाठोपाठ लखनौची. माझ्याकडचे सात जण त्यानंतरच्या दहा दिवसांत गेले. मीच त्यांना सांगितलं की जा, घरच्यांना भेटा. सप्टेंबरात चार परत आले. झाऱ्यावर हाताने शेव पाडणारा माणूस एका दिवसात घडत नाही. तेलाचा ताव किती, पीठ किती सैल, हे त्याच्या हातात असतं. त्यामुळे पैसा असता तरी उन्हाळ्यात पूर्ण माल निघाला नसता.

बाकीच्या देशांचं विचारलंयस. तिथे मी गेलेलो नाही. पण त्या वर्षी घरी बसून जे वाचलं आणि या धंद्याच्या नजरेने जे समजलं ते सांगतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 2018 च्या अहवालाप्रमाणे जगातले 60 टक्क्यांहून जास्त काम करणारे लोक असंघटित क्षेत्रात आहेत. आपल्यासारख्या देशांत खाण्याचा बाजार तर मुख्यतः त्यांच्याच हातात. नायजेरियात लागोसच्या वाहतूक कोंडीत गाड्यांच्या खिडक्यांशी केळ्याचे काप आणि सॉसेज रोल विकणारी पोरं असतात. 30 मार्चला तिथे टाळेबंदी लागली, रस्ते मोकळे झाले आणि कोंडीच नाही तर गिऱ्हाईक कुठलं? आपल्या मनमाडच्या फलाटावरच्या विक्रेत्याचीच ती गोष्ट. दक्षिण आफ्रिकेत 27 मार्चपासून टाळेबंदी. वस्तीतली छोटी दुकानं, ज्यांना तिथे स्पाझा म्हणतात, आणि रस्त्यावरचे खाद्यविक्रेते सुरुवातीला नियमांच्या गोंधळात अडकले, मग परवाने घेऊन उघडले. शिजवलेलं गरम खाणं विकायला मात्र बंदी राहिली. मोठी सुपरमार्केटं त्या काळात चालूच होती. म्हणजे नियमाच्या एका ओळीने बाजार या हातातून त्या हातात गेला.

इंडोनेशियाचं मला फार जवळचं वाटलं. तिथे रमजान ईदला शहरातली माणसं लाखोंनी गावी जातात, सोबत खाऊचे डबे घेऊन. 2020 मध्ये सरकारने 24 एप्रिलपासून हा प्रवासच बंद केला. आपल्या दिवाळीच्या फराळाचा हंगाम कोणी काढून घ्यावा तसं. त्याच ईदच्या हंगामात इकडे मालेगावात मोठा उद्रेक होता, यंत्रमाग थांबलेले, आणि एरवी त्या महिन्यात माझी गाडी मालेगावला आठवड्यातून तीनदा जायची ती एकदाही गेली नाही.

मेक्सिकोत वेगळंच वळण लागलं. तिथे लठ्ठपणा आणि मधुमेह असलेले रुग्ण कोरोनात जास्त दगावत होते. त्यावरून वाद पेटला आणि 2020 च्या ऑगस्टमध्ये ओआहाका राज्याने लहान मुलांना गोड पेयं आणि पाकिटातलं चटपटीत खाणं विकायलाच बंदी केली. ऑक्टोबरपासून देशभर पाकिटांवर काळे अष्टकोनी इशारे छापणं सुरू झालं. त्याचा कायदा आधीच झालेला होता, पण साथीने त्याला बळ मिळालं. आपल्याकडे अशी चर्चा अजून पुढे जायची आहे. मी स्वतः तळलेला माल विकतो, तरी मला वाटतं की पाकिटाच्या पुढच्या बाजूला मीठ आणि तेल ठळक लिहावं. लिहिलं म्हणून माझा चिवडा कोणी सोडणार नाही, पण आई मुलाला किती द्यायचा ते ठरवेल.

यानंतरचा भाग लोक विसरतात, आणि प्रकल्पात तो यायलाच हवा. साथीचा दुसरा तडाखा आम्हाला तेलाने दिला, आणि तो पहिल्यापेक्षा लांबला. भारत निम्म्याहून जास्त खाद्यतेल आयात करतो. नमकीन-फरसाणाचा धंदा मुख्यतः पामोलिनवर, म्हणजे पाम तेलावर, ते येतं इंडोनेशिया आणि मलेशियाहून. मलेशियाच्या बागांत फळं उतरवणारे मजूर बाहेरच्या देशांतले. सीमा बंद झाल्या आणि फळं झाडांवर राहिली. 2020 च्या मे महिन्यात मलेशियाच्या बाजारात पाम तेल टनाला 2 हजार रिंगिटच्या आसपास होतं. 2022 च्या मार्चमध्ये ते 7 हजारांवर गेलं. तोपर्यंत युक्रेनचं युद्ध सुरू होऊन सूर्यफूल तेलही आटलं होतं. वर 28 एप्रिलला इंडोनेशियाने निर्यातच थांबवली, ती 23 मे रोजी पुन्हा सुरू केली. इकडे आमच्या 15 किलोच्या डब्याचा भाव दोन वर्षांत जवळपास दुप्पट झाला.

शेवेच्या एका किलोत तीनशे ग्रॅमच्या वर तेल बसतं. म्हणजे तेल दुप्पट झालं की हिशेबच मोडतो. किलोच्या पाकिटाचा भाव वाढवता येतो, गिऱ्हाईक कुरकुरतं पण घेतं. पाच रुपयांच्या पुडीचं काय? पाचाची सहा होत नाही. पोराच्या हातात पाचाचं नाणं असतं, टपरीवाल्याकडे सुटा रुपया नसतो. मग ग्रॅम कमी होतात. माझी पाचाची पुडी 2019 मध्ये 26 ग्रॅमची होती, 2022 मध्ये 17 ची झाली. सगळ्यांनीच असं केलं, बिस्किटवाल्यांनी, चिप्सवाल्यांनी, आम्ही. कायद्याने वजन छापलेलं असतं, फसवणूक नाही. पण पुडी हातात घेतल्यावर पोराचा चेहरा मला दिसतो. गरिबाच्या खिशाला परवडणारी किंमत तशीच ठेवून त्याचं खाणं एक तृतीयांशाने कमी झालं, आणि ते नंतर पूर्वीइतकं कधीच झालं नाही. तेल उतरलं तेव्हा मी 20 ग्रॅमपर्यंत आलो, त्यापुढे जमलं नाही, कारण फिल्म, डिझेल, मजुरी उतरली नव्हती. पैशांतली विक्री वाढली असं 2021-22 बद्दल वाचशील तेव्हा सोबत टनांतला आकडा आहे का ते शोध. बऱ्याच ठिकाणी भाव वाढलेला असतो, माल नाही.

सगळंच बुडालं असंही नाही. 2020 च्या दिवाळीत, 14 नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन होतं, त्याच्या आधी महिनाभर नाशिकमध्ये घरोघरी बायकांनी फराळाच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली. व्हॉट्सअ‍ॅपवर यादी, भाजणीची चकली, कडबोळी, पातळ पोह्यांचा चिवडा. ज्यांच्या नवऱ्याची नोकरी गेली होती अशाही कितीतरी. अन्नसुरक्षेची साधी नोंदणी तेव्हा वर्षाला 100 रुपयांत व्हायची, 12 लाखांपर्यंतच्या उलाढालीला तेवढी पुरायची. यातल्या काहीजणी आजही टिकून आहेत, आणि त्या टिकल्या त्याचं एक कारण मला स्पष्ट दिसतं. त्या आगाऊ पैसे घेतात. पैसे आले की पीठ मळतात. उधारीच्या साखळीत त्या शिरल्याच नाहीत.

मीही तिथूनच शिकलो. 2020 च्या पावसाळ्यात बायकोचे दागिने गहाण ठेवून एक जुनं पाकिटं भरायचं यंत्र घेतलं, नायट्रोजन भरणारं. सुटा माल निम्म्यावर आणला. मिसळवाल्यांना आता आठ दिवसांच्या वर उधार नाही, आणि बहुतेक जण क्यूआर कोडवर त्याच दिवशी देतात. हा बदल साथीने झाला आणि तो आमच्या फायद्याचा झाला. पण शाळेजवळच्या टपरीवाल्याला मी अजून उधार देतो, कारण त्याला रोख मागितली तर तो माळ लावणारच नाही.

मिसळीची हॉटेलं परत भरली. नाशिकचा माणूस मिसळ सोडत नाही. पण त्या साडेतीन लाखांपैकी एक लाख दहा हजार अजून यायचे आहेत. तीन हॉटेलं उघडलीच नाहीत. एक मालक दुसऱ्या लाटेत, 2021 च्या एप्रिलमध्ये गेले. त्यांच्या मुलाने दोन वर्षांनी येऊन चाळीस हजार दिले, मी नको म्हणत असताना. वर सांगितलेल्या रकमेत ते धरलेले नाहीत.

तुझ्या प्रकल्पासाठी एक सुचवतो. कंपन्यांच्या अहवालांबरोबर सिन्नर, येवला, मनमाडच्या पंधरा-वीस दुकानदारांकडे जा आणि तीनच गोष्टी विचार: 2019 मध्ये सुटं फरसाण किती विकत होतात, आता किती, आणि 2020 च्या मार्चमध्ये तुम्ही कोणाचे किती देणं लागत होतात. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लगेच मिळणार नाही, चहा होईपर्यंत थांबावं लागेल. बंद झालेल्या त्या तीन हॉटेलवाल्यांपैकी एक जण आता नाशिकच्या द्वारका चौकाजवळ एका गोदामात काम करतो. तो बोलेल, मी त्याला विचारून ठेवतो.

आणि तुझ्या वडिलांचं पान माझ्या वहीत आहे. 24 मार्चला त्यांच्याकडे माझे अकरा हजार दोनशे होते. 9 एप्रिलला त्यांनी एका भाजीच्या गाडीवाल्याबरोबर नऊ हजार पाठवले, प्लास्टिकच्या पिशवीत, दहा-वीसच्या नोटा आणि नाणी, आणि चिठ्ठी की बाकीचे पुढच्या आठवड्यात. त्या पैशांत तेलाचे सहा डबे आणि एक पोतं बेसन आलं आणि तेरा दिवस बंद असलेली भट्टी पेटली. चिठ्ठी अजून वहीतच आहे. रविवारी भट्टी बंद असते, अकराच्या सुमारास ये. 2018 पासूनच्या सगळ्या वह्या काढून ठेवतो, पाहिजे ते उतरवून घे, फक्त दुकानदारांची नावं लिहू नकोस.